पलीकडून काही येतंय का

तालुक्याच्या एका गावी एसटी स्टँडच्या मागे एक खानावळ होती. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. सहा टेबलं, एक मोठा तवा आणि स्वयंपाकघराच्या दाराशी फळीवर रेडिओ. सकाळच्या भक्तिगीतांवर कणीक मळली जाई, बातम्यांना चहा उकळे आणि दुपारच्या जुन्या गाण्यांवर ताटं वाढली जात. भिंतीवर घड्याळही होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे.

पुढे आजूबाजूला दुकानं वाढली. त्यांच्या एलईडी दिव्यांची, चार्जरांची, इन्व्हर्टरांची खरखर मीडियम वेव्हवर उतरू लागली. मावशींनी एरियल खिडकीबाहेर काढून पाहिली, रेडिओ माळ्यावर ठेवून पाहिला. गाणं दबलेलंच राहिलं.

माडीवरच्या खोलीत पॉलिटेक्निकचा एक मुलगा राहत होता. दोन्ही वेळा खानावळीतच जेवायचा. एका महिन्याचे पैसे थकले तेव्हा तो चाचरत म्हणाला, “मावशी, माझ्याकडे एक जुना कॉम्प्युटर पडून आहे. त्यावर इंटरनेटवरून तुमचं केंद्र लावून देतो. खरखर अजिबात नाही.”

मावशी म्हणाल्या, “पैसे सवडीनं दे. रेडिओ मात्र आज लाव.”

त्याने कॉम्प्युटरवर डेबियन लिनक्स टाकलं. पडदा काढून टाकला, कारण तो ठेवायला जागाच नव्हती. एक साधा प्लेअर, केंद्राचा पत्ता आणि दोन स्पीकर. संध्याकाळी गाणं लागलं, तेव्हा रोजच्या गिऱ्हाइकांनी वाटीतली आमटी तशीच ठेवून कान दिला. तबल्याची शाई ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी गाणं अडखळू लागलं. दोन शब्द यायचे, मग खंड, मग पुढचे दोन. मुलगा म्हणाला, “इंटरनेटवरून गाणं सरळ धारेनं येत नाही मावशी, तुकड्यातुकड्यानं येतं. एखादा तुकडा उशिरा आला की मध्ये रिकामं पडतं.”

“मग दुरडीत आधी चार भाकऱ्या नकोत का?” मावशी म्हणाल्या. “पंगत बसल्यावर पहिली भाकरी थापायला घेतली तर असंच व्हायचं.”

मुलाने तसंच केलं. प्लेअरला सांगितलं, आधी वीस सेकंदांचं गाणं साठव, मग वाजवायला लाग. हिशेब साधा होता. केंद्राचा प्रवाह १२८ किलोबिटचा, म्हणजे सेकंदाला १६ किलोबाइट. वीस सेकंदांचे ३२० किलोबाइट. त्या म्हाताऱ्या यंत्रालाही ते ओझं नव्हतं. बातम्या आता वीसेक सेकंद उशिरा लागत. चहाला त्याने काही फरक पडला नाही.

आठवडा बरा गेला. मग एका दुपारी केंद्राकडची जोडणी तुटली आणि प्लेअर बंद पडला. तो आपणहून उठणार नव्हता. मुलगा कॉलेजात, मावशी तव्यापाशी. संध्याकाळपर्यंत खानावळीत नुसती भांडी वाजली.

रात्री मुलाने प्लेअर सिस्टमडीच्या हवाली केला. लिनक्समध्ये कुठला प्रोग्राम कधी उठवायचा आणि पडला तर काय करायचं, हे काम सिस्टमडी बघतं. त्याच्या फाइलीत मुलाने एक ओळ लिहिली, ‘रीस्टार्ट बरोबर ऑलवेज’. पडला की उठव. मग त्याने मुद्दाम प्लेअर मारून पाहिला. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो पुन्हा उभा राहिला. पुन्हा मारला, पुन्हा उठला. मुलगा खूश होऊन झोपायला गेला.

दोन दिवसांनी पहाटे इंटरनेट अर्धा तास गेलं. ते परत आलं, रेडिओ मात्र आला नाही. मुलाने नोंदी काढून वाचल्या. सिस्टमडी पडलेल्याला सेकंदाच्या दहाव्या भागात उठवत होतं. बाहेर इंटरनेटच नाही, म्हणून तो उठताक्षणी पडत होता. दहा सेकंदांत पाचदा सुरू करून झालं की सिस्टमडी हात टेकतं, अशी त्याची मुळातली रीत आहे. सगळा खेळ काही क्षणांत आटोपला होता आणि उरलेला अर्धा तास कुणीच काही केलं नव्हतं.

घाईने उठवण्यात अर्थ नव्हता. मुलाने मध्ये दहा सेकंदांची विश्रांती घातली. आता दहा सेकंदांत पाचदा पडणं शक्यच नव्हतं, त्यामुळे हात टेकायची वेळही येणार नव्हती. इंटरनेट तासाने येवो की दिवसाने, प्लेअर दर दहा सेकंदांनी दार ठोठावत राहिला असता.

यानंतर बरेच दिवस रेडिओ चालला. मुलाचे थकलेले पैसे मावशींनी मागितले नाहीत आणि त्यानेही विषय काढला नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, लाईट गेली. खानावळीत इन्व्हर्टर होता, त्यावर पंखा, दोन ट्यूब आणि कॉम्प्युटर चालू राहिले. रेडिओ वीस सेकंद वाजला आणि थांबला. तासाभराने लाईट आली. रेडिओ थांबलेलाच.

मुलगा संध्याकाळी आला. लॅपटॉप जोडून त्याने बघितलं. पडद्यावर हिरवा ठिपका होता आणि त्यापुढे लिहिलं होतं, ‘चालू’. नऊ दिवसांपासून अखंड चालू.

“मावशी, चालू आहे,” तो म्हणाला.

“काय चालू आहे?” मावशींनी विचारलं.

मुलाला उत्तर सुचेना. कोपऱ्यातल्या टेबलावर आप्पा जेवत होते. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून त्यांची उमर गेली होती. खांबावर चढून तार जोडली की ते कानाला रिसीव्हर लावायचे, आणि समोरून माणसाचा आवाज आल्याखेरीज खाली उतरायचे नाहीत. ताकाचा घोट घेऊन ते म्हणाले, “पोरा, यंत्र जागं आहे हे कळलं. पलीकडून काही येतंय का?”

मुलाने मोजलं. काहीच येत नव्हतं. एक बाइटसुद्धा नाही.

मग उलगडा झाला. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, राऊटर नव्हता. लाईट गेली तसा राऊटर बंद झाला आणि परत आला तेव्हा आधीच्या जोडण्या विसरून आला. तिकडे केंद्राच्या सर्व्हरने काही वेळ पाठवून पाहिलं, पोच मिळेना म्हणून नाद सोडला. इकडे प्लेअरला यातलं काही कळलं नाही. त्याचं काम फक्त ऐकायचं. तो स्वतः काही पाठवत नव्हता, त्यामुळे तार तुटल्याचं त्याला समजायला वाटच नव्हती. तो वाट पाहत बसला. पडला असता तर सिस्टमडीने उठवला असता, पण तो पडलाच नव्हता. लिनक्सकडे अशा मुक्या जोडणीची चौकशी करायची सोय आहे, पण ती प्रोग्रामने मागावी लागते, आणि मागितली तरी ठरलेल्या नेमाने दोन तास सामसूम गेल्यावरच पहिली विचारणा होते. या प्लेअरने तीही मागितली नव्हती.

मुलाने दुसऱ्याच दिवशी राऊटर इन्व्हर्टरवर घेतला. प्लेअरला वेळेची मर्यादाही घातली, तीस सेकंद काही आलं नाही तर जोडणी मेली असं समज. एवढ्यावर त्याचं समाधान होईना. शिकणाऱ्या पोरांचं असंच असतं. त्याने वर आणखी एक पहारेकरी बसवला, स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजावर लक्ष ठेवणारा. शांतता पसरली की प्लेअरला मारायचं, उरलेलं काम सिस्टमडी करेल.

रविवारी नभोनाट्य लागलं होतं. नायिका सासऱ्यांना खरं सांगायला आली आणि बोलता बोलता थांबली. पहारेकऱ्याने सेकंद मोजले आणि प्लेअरला मारलं. रेडिओ पुन्हा सुरू झाला तोवर सासरे घराबाहेर पडले होते. तिने काय सांगितलं ते खानावळीत कुणालाच कळलं नाही. मावशी दोन दिवस मुलाशी नीट बोलल्या नाहीत.

तेव्हा त्याला आप्पांचा प्रश्न पुन्हा आठवला. केंद्रावरून येणारी शांतताही बाइटांतूनच येते. गाणं असो की गप्प राहणं, त्या प्रवाहात सेकंदाला १६ किलोबाइट यायचेच. तुटलेल्या तारेतून मात्र काहीच येत नाही. कानाला दोन्ही सारखंच लागतं. मुलाने पहारेकरी बदलला. नवा दर मिनिटाला प्लेअरला एवढंच विचारी, किती सेकंद वाजवून झाले? मघापेक्षा आकडा पुढे गेला असेल तर ठीक. तिथेच असेल तर उठव.

पावसाळा गेला. लाईट कितीदा गेली आणि आली. मिनिट दोन मिनिटं थांबून रेडिओ आपला लागत राहिला.

दिवाळीआधी खानावळीची झाडलोट निघाली. दुपारी रेडिओ गप्प झाला. मुलगा माडीवरून धावत आला. त्याने बघितलं, हिरवा ठिपका होता. बाइट येत होते. सेकंद पुढे सरकत होते. पहारेकऱ्याची काही तक्रार नव्हती. मुलगा फाइली उघडून वाचत बसला. तेवढ्यात मावशी हात पुसत बाहेर आल्या, फळीमागे वाकल्या आणि झाडणाऱ्या पोराच्या कुंच्यात अडकून निघालेली स्पीकरची पिन जागेवर खोचली.

त्या मुलाचे पहारेकरी खोटं कधी बोलले नाहीत. प्रोग्राम जिवंत आहे हे खरंच होतं. बाइट येतायत हेही खरं होतं. ज्याने जे बघायचं ठरवलं होतं, ते त्याने नेमाने बघितलं आणि तेवढंच सांगितलं. मावशींना यातलं काहीच विचारायचं नव्हतं. त्यांना गाणं हवं होतं, आणि ते आलं की नाही हे तव्यापाशी उभं राहूनच कळत होतं. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी हजेरीपट भरलेले असतात, नळजोडण्यांचे आकडे पूर्ण असतात. बादली घेऊन नळाखाली उभ्या राहिलेल्या बाईला कुणी विचारत नाही.

परीक्षा झाली आणि मुलगा नोकरीसाठी निघाला. जाताना त्याने थकलेले पैसे पुढे केले. मावशींनी निम्मे परत दिले. फळीच्या आतल्या बाजूला त्याने एक कागद चिकटवला. कॉम्प्युटर कसा बंद करायचा, पत्ता कुठल्या फाइलीत आहे, तो बदलला तर काय करायचं, अशा काही ओळी. पहिली ओळ होती, आधी स्पीकरची पिन बघा.

उन्हाळ्यात केंद्राने प्रवाहाचा पत्ता बदलला. प्लेअर दर दहा सेकंदांनी उठत आणि पडत राहिला. माडीवर आता नर्सिंग शिकणारी मुलगी राहत होती. तिला लिनक्स ठाऊक नव्हतं. तिने कागद वाचला, पिन बघितली, मग पुढच्या ओळी वाचत फाइल उघडली. जुना पत्ता खोडला, नवा लिहिला. दहा सेकंद गेले, मग साठवणीचे वीस. नाट्यगीत लागलं.

आतून मावशींचा आवाज आला, “जरा मोठा कर गं, इकडे कुकर लागलाय.”