थांबवता येणारे व्याख्यान

दूरशिक्षणाच्या तंत्रांची तुलना करताना चित्र किती स्पष्ट दिसते, आवाज किती स्वच्छ ऐकू येतो आणि एका वेळी किती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचता येते, हीच मोजमापे बहुधा वापरली जातात. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परगण्याचा गेल्या पन्नासहून अधिक वर्षांचा अनुभव मात्र या मोजमापांवर विसंबून राहू नये, असेच सांगतो. स्टॅनफर्ड विद्यापीठ, माउंटन व्ह्यू, सॅन होजे आणि खुद्द सांता क्लारा शहर एवढ्या लहानशा पट्ट्यात सूक्ष्मतरंगी दूरचित्रवाणीपासून महाजालावरील खुल्या अभ्यासक्रमांपर्यंत जवळजवळ प्रत्येक तंत्र वापरून पाहिले गेले, आणि अधिक नवे व अधिक महाग तंत्र दरवेळी अधिक शिकवणारे ठरले नाही.

स्टॅनफर्डने 1969 साली आपल्या वर्गांतील व्याख्याने आसपासच्या कंपन्यांमध्ये थेट प्रक्षेपित करण्यास सुरुवात केली. अमेरिकी शासनाने 1963 मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी जो सूक्ष्मतरंगांचा पट्टा राखून ठेवला होता, त्यावर हे प्रक्षेपण चालत असे. हे तरंग सरळ रेषेतच जातात, म्हणून कंपनीच्या छतावरील अँटेना आणि प्रक्षेपण केंद्र यांच्यामध्ये डोंगर आला की वर्ग दिसेनासा होई. चित्र एकाच दिशेने जात असले, तरी कार्यालयातील अभियंत्याला स्वतंत्र ध्वनिमार्गाने प्रश्न विचारता येत असे आणि त्याचा आवाज थेट प्राध्यापकाच्या वर्गात ऐकू येई. गृहपाठाच्या वह्या मात्र निरोप्या गाडीतून ने-आण करी. शिक्षणाची सर्वांत जड बाजू, म्हणजे विद्यार्थ्याने लिहिलेले कुणीतरी वाचून दुरुस्त करणे, त्या काळीही तरंगांवर चढलेली नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे.

खरा धडा मिळाला तो हे प्रक्षेपण जिथे पोहोचत नव्हते तिथे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा एक विभाग सँटा रोझा येथे, म्हणजे स्टॅनफर्डच्या बऱ्याच उत्तरेला आणि प्रक्षेपणाच्या टप्प्याबाहेर होता. तेथील अभियंत्यांसाठी स्टॅनफर्डचे प्राध्यापक जेम्स गिबन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात वर्गातील व्याख्यानांच्या चित्रफिती पाठवण्याची योजना आखली. या फितींत कोणतीही सजावट नव्हती. वर्गात जसे घडले तसेच, प्राध्यापकाच्या अडखळण्यासह आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसह, त्या नोंदल्या जात. चार-आठ जणांचा गट एकत्र बसे, त्यांच्यात कंपनीतलाच एक अभियंता मार्गदर्शक म्हणून असे, आणि कुणाला काही अडले की फीत थांबवून चर्चा होई. मार्गदर्शकाने विषयातील पंडित असावे अशी अपेक्षा नव्हती. उलट, स्वतःला सगळेच येते असा मार्गदर्शक लगेच उत्तर देऊन मोकळा होतो आणि गटाचे विचार करणे तिथेच थांबते. 1977 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा अशा गटांचे गुण प्रत्यक्ष वर्गात बसणाऱ्यांपेक्षा सरस असल्याचे दिसले.

प्रत्यक्ष वर्गापेक्षा शिळी फीत अधिक शिकवते, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. कारण मात्र सरळ आहे. वर्गात प्राध्यापकाचे वाक्य निसटले की साठ जणांसमोर हात वर करण्याचे धैर्य फार थोड्यांना असते, आणि पुढचे सगळे त्या निसटलेल्या वाक्यावर उभे राहत जाते. फीत थांबवण्याचा अधिकार गटाच्या हातात आल्याने समजण्याची गती ठरवण्याचा अधिकारही त्याच्याकडे आला.

गटात बसून चर्चेतून शिकण्याचे हे तत्त्व महाराष्ट्राला याहून सुमारे वीस वर्षे आधी गवसले होते, हे आज फारसे कुणाच्या आठवणीत नाही. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने 1956 मध्ये पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि मनात आलेल्या शंका केंद्राला कळवाव्यात, अशी ती रचना होती. पॉल न्यूराथ यांनी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या साहाय्याने केलेल्या पाहणीत मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत मोठी भर पडलेली आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तशी भर दिसली नाही. यंत्र दोन्हीकडे तेच होते, आवाजही तोच होता. फरक होता तो ऐकून झाल्यावरच्या बैठकीचा.

यावर असा आक्षेप घेता येईल की मग तंत्राला काही महत्त्वच उरत नाही, माणसे एका खोलीत बसवली की झाले. तो आक्षेप टिकत नाही. सन मायक्रोसिस्टिम्सच्या संशोधकांनी गिबन्स यांच्यासह 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियातील दोन राज्य विद्यापीठांत गटातील विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या जागी बसवून पडद्यावर एकमेकांचे चेहरे दाखवले आणि सामाईक फीत थांबवण्याची सोय दिली; हे विखुरलेले गटही एका खोलीतील गटांच्या बरोबरीने शिकले. म्हणजे सहवासही तारेवरून नेता येतो, मात्र कोणीतरी तो मुद्दाम योजावा लागतो.

तो न योजल्याचे फळ 2011 नंतर दिसले. स्टॅनफर्डचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा खुला अभ्यासक्रम त्या वर्षी महाजालावर आला, तेव्हा सुमारे 1,60,000 लोकांनी नाव नोंदवले आणि वीस हजारांहून अधिक जणांनी तो पूर्ण केला. ही संख्या लहान नव्हे, आणि जगाच्या कोपऱ्यातील एखाद्या विद्यार्थ्याला ते दार उघडले, याचे मोल कमी लेखू नये. परंतु हेच प्रतिमान 2013 मध्ये सॅन होजे राज्य विद्यापीठाने युडॅसिटी कंपनीच्या साहाय्याने प्राथमिक गणित, बीजगणित आणि संख्याशास्त्रासाठी वापरले, तेव्हा वसंत सत्रात उत्तीर्णांचे प्रमाण नेहमीच्या वर्गांहून बरेच खाली गेले आणि जुलैमध्ये प्रयोग स्थगित करावा लागला. उन्हाळी सत्रात निकाल सुधारला, पण त्या तुकडीत आधीच पदवी मिळवलेल्यांचा भरणा मोठा होता. ज्याला शिकण्याची सवय लागलेली आहे तो कोणत्याही माध्यमातून शिकतो. गणितात एकदा नापास झालेल्या मुलाला पडद्यावरील उत्कृष्ट व्याख्यान एकट्याने पाहायला लावणे, हे त्याला पुन्हा एकदा एकटे सोडण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात 1989 साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने छापील स्वयंअध्ययन पुस्तकांच्या जोडीला अभ्यासकेंद्रे आणि समंत्रक, म्हणजे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारे शिक्षक, यांची व्यवस्था उभारली, ती या दृष्टीने योग्य दिशेची होती. संपर्क सत्रात समंत्रक पुस्तकाचे वाचन करून दाखवण्याऐवजी विद्यार्थ्याला जिथे अडले तिथे थांबतो, तेव्हा सँटा रोझाच्या खोलीत जे घडले तेच तालुक्याच्या महाविद्यालयात घडते. आज ध्वनिचित्रफिती जवळपास फुकट झाल्या आहेत आणि थांबवण्याची कळ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे, पण ती दाबल्यावर ज्याच्याकडे वळून पाहावे असा माणूस महागच राहिला आहे. म्हणून दूरशिक्षणाच्या अंदाजपत्रकात नव्या चित्रीकरण कक्षाआधी समंत्रकाचे मानधन, त्याचे प्रशिक्षण आणि दहाच्या आत ठेवलेला गट यांची तरतूद व्हावी. त्यानंतर उरेल त्या पैशात कॅमेरा कोणता घ्यायचा, हे ठरवता येईल.