मृताच्या आरामखुर्चीत

स्कॉटलंडमधल्या एका गृहस्थाने मुलांवरची क्रूरता रोखणाऱ्या ‘राष्ट्रीय संस्थे’च्या नावे मृत्युपत्रात ५०० पौंड ठेवले. त्याच्या घराजवळ स्कॉटिश संस्थेचं काम चालत असे. लंडनच्या संस्थेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण कागदावर उतरलेलं नाव हुबेहूब लंडनच्या संस्थेचं होतं. दोन संस्थांचा वाद कोर्टात गेला आणि १९१५ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, ती रक्कम लंडनला दिली.

निकाल कोरडा वाटतो, पण त्यामागची भीती खरी आहे. १८३७च्या इंग्लिश कायद्याने मृत्युपत्र लेखी हवं, सही हवी, दोन साक्षीदार हवेत असं ठरवलं. सहीनंतर ‘त्यांच्या मनात खरं तर असं होतं’ म्हणणाऱ्या प्रत्येक पुतण्याचं ऐकायचं ठरवलं, तर ती सही कशाला घ्यायची? म्हणून शब्दांना धरून बसायचं. तरीही १८८० सालच्या एका खटल्यात न्यायमूर्ती जेम्स यांनी न्यायाधीशाने मृत्युपत्र करणाऱ्याच्या आरामखुर्चीत बसून त्याच्याभोवतीची माणसं, मिळकत, परिस्थिती पाहावी असा मार्ग दाखवला होता. १९०६ साली ‘सगळं आईला’ एवढ्याच मजकुराचं मृत्युपत्र कोर्टापुढे आलं. तो माणूस बायकोलाच ‘आई’ म्हणत असे, हे पुराव्याने दिसलं आणि मिळकत बायकोला मिळाली. म्हणजे १९१५चा निकाल आला तेव्हा ती खुर्ची मांडलेली होतीच. लॉर्ड्सना तीत बसावंसं वाटलं नाही, इतकंच. १९४३ साली मात्र लॉर्ड्सनीच ‘पैसा’ म्हणजे रोकड आणि बँकेतली शिल्लक हा जुना, ताठर अर्थ सोडला. सामान्य बाई आपला ‘सगळा पैसा’ भाचे-पुतण्यांना देते, तेव्हा शेअर आणि रोखेही त्यात येऊ शकतात, हे त्यांनी मान्य केलं. चुकीचे अर्थ लावणाऱ्या न्यायाधीशांची वाट पाहत मृतांची भुतं वैतरणीपलीकडे उभी असतील, अशा आशयाची कोपरखळी लॉर्ड ॲटकिन यांनी त्याच निकालात मारली. (त्यांची नदी अर्थात ग्रीकांची, स्टिक्स.)

इथवरची वाटचाल प्रगतीसारखी दिसते. पण हीच खुर्ची हिंदुस्थानात आली तेव्हा काय झालं ते पाहावं. १८७४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, एका हिंदू गृहस्थाने सुनेला दिलेल्या मिळकतीचा अर्थ लावताना सांगितलं की, हिंदूंच्या सर्वसाधारण समजुती आणि इच्छा लक्षात घ्याव्यात. बाईला सहसा पूर्ण मालकी मिळत नाही हे हिंदू माणसाला ठाऊक असतं. सुनेचा हक्क आक्रसला. त्या गृहस्थाच्या खुर्चीत न्यायाधीश बसले खरे, पण समोर दिसला तो ‘सर्वसाधारण हिंदू’. १९०७ साली त्याच कौन्सिलने बायकांना ‘मालिक’ म्हणून दिलेल्या मिळकतीत पूर्ण मालकी मानली; बाई आहे एवढ्यावरून शब्दाचा अर्थ कमी करायला नकार दिला. इथे शब्दाला चिकटून राहणंच बाईच्या कामी आलं. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या कलम १४ने बायकांची मर्यादित मालकी संपवली, पण मृत्युपत्रानेच मर्यादित हक्क दिला असेल तर त्याला पोटकलम २मध्ये वाट ठेवली. म्हणजे भांडण पुन्हा कागदाच्या वाचनापाशी आलं.

म्हणून हेतू शोधणाऱ्या वाचनाचं मला सरसकट कौतुक नाही. अर्थ लावताना न्यायाधीश स्वतःची समजूत आत सरकवतो आणि ती मृताची म्हणून दाखवता येते. मृत्युपत्राची उघड दुरुस्ती करताना तशी सोय कमी. इंग्लंडमध्ये १९८२च्या कायद्याने मृत्युपत्र दुरुस्त करण्याचा अधिकार न्यायालयाला दिला तो दोनच कारणांसाठी: लेखनिकाची चूक, किंवा सूचना समजण्यात झालेली चूक. २०१४च्या मार्ले विरुद्ध रॉलिंग्ज खटल्यात एका नवरा-बायकोने १९९९ साली वकिलाच्या चुकीमुळे एकमेकांच्याच मृत्युपत्रांवर सह्या केल्या होत्या. बायको गेली तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. नवरा गेल्यावर सुमारे ७०,००० पौंडांचा प्रश्न उभा राहिला. दोघांच्या पश्चात सगळं मिळायचं होतं ते मुलासारख्या मानलेल्या, पण दत्तक न घेतलेल्या माणसाला. मृत्युपत्र रद्द ठरलं असतं तर वाटा दोन सख्ख्या मुलांकडे गेला असता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी हात वर केले. सर्वोच्च न्यायालयाने ही लेखनिकाचीच चूक मानून मृत्युपत्र दुरुस्त केलं. चूक काय, ती कुणाची, पुरावा कोणता, हे सगळं उघड मांडूनच हे झालं.

आपल्या १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात उदारपणा बराच आहे. कलम ७६ प्रमाणे नाव चुकलं तरी माणूस ओळखता आला तर देणगी टिकते: ‘भाऊ जॉनचा दुसरा मुलगा थॉमस’ असं लिहिलं आणि दुसऱ्या मुलाचं नाव विल्यम निघालं, तर मिळकत विल्यमला. कलम ८७ हेतू शक्य तितका पाळायला सांगतं. पण १९८२सारखं दुरुस्तीचं कलम त्यात नाही. नवरा-बायकोची आरशातल्यासारखी एकसारखी मृत्युपत्रं आपल्याकडेही होतात. उद्या नाशिकच्या एखाद्या जोडप्याच्या कागदांची अशीच अदलाबदल झाली, तर तिथल्या न्यायाधीशाला ही चूक नावाच्या चुकीत बसवावी लागेल, किंवा कागद फेटाळावा लागेल. पहिला रस्ता त्यांनी घेतला, तर ते दुरुस्तीच करतील, फक्त निकालपत्रात तिला ‘अर्थ लावणं’ म्हणतील.