पैलतीरावरचं नार्वे

गोव्यातल्या दिवाडी बेटावर, नार्व्याच्या काठावर उभे राहा. समोर मांडवी, पलीकडे डिचोलीचं दुसरं नार्वे. फेरीबोट आत्ताच सुटली आहे. पुढची येईपर्यंत नुसतं पाण्याकडे बघा. इथवर भरती पोचते, म्हणून नदी कधी समुद्राकडे निघालेली दिसते, कधी समुद्राकडून परतताना.

आता मनानेच मागे वळा. तुमच्या पाठीशी, याच बेटावर, सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ होतं. हा कदंब राजांचा देव. आपल्या सोन्याच्या नाण्यांवरही त्यांनी त्याचं नाव घातलं. चौदाव्या शतकात बहामनींनी देऊळ पाडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारलं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जमीनदोस्त केलं. कोटितीर्थाचं तळं तेवढं राहिलं. त्याच्या पायऱ्यांवर क्षणभर मन टेकू द्या.

लिंग मात्र नदी ओलांडून गेलं.

इथे थोडं रेंगाळा. होडीतल्या त्या लिंगाचं वजन मनात धरून पाहा. घर, शेत, माड, पूर्वजांची माती, यांतलं काहीच होडीत मावत नाही. देव तेवढा मावतो. तुम्ही असता तर काय उचललं असतं? उत्तराची घाई करू नका. पाणी होडीला लागतं आहे, ते ऐका.

पैलतीर तेव्हा पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होता. तिथे भक्तांनी देव बसवला. शंभरएक वर्षांनी, १३ नोव्हेंबर १६६८ रोजी, शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. दारावरचा शिलालेख आजही वाचता येतो.

शिलालेखापुढे हात जोडावेतच. पण मला त्याहून मोठं वाटतं ते गोकुळाष्टमीचं स्नान. श्रावणात पाणी गढूळ, तांबूस असतं. पंचगंगा म्हणून लोक त्यात उतरतात. पलीकडून उतरतात आणि दिवाडीच्या या काठावरूनही, जिथे आता देऊळ नाही. शिलालेखामागे राजाची आज्ञा होती. ही बुडी माणसांनी आपणहून जपली.

ते पाणी पायाशी आलं आहे असं समजा. घोटा भिजू द्या, मग गुडघा. समोरच्या काठावर कुणीतरी असंच उतरतं आहे. मधलं पाणी दोघांचं एकच.

फेरीबोट परत आली आहे. चढा. उतराल तिथल्या गावाचं नावही नार्वेच आहे.