मृगापूर्वीची निरवानिरव

पुराच्या पाण्याने माझ्या कोठीतील कीटकनाशक शेजाऱ्याच्या विहिरीत नेले, तर दोष कोणाचा? ‘दैवी आपत्ती’ हे उत्तर आम्हां वकिलांच्या जिभेवर तयारच असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली धोकादायक उद्योगांपुरते ते अमान्य केले. घरातल्या बाटलीला तो निर्णय लागू नाही, हे खरे. परंतु ज्या मृगाची तारीख पंचांगात आधीच छापलेली असते, त्याला आकस्मिक कोणत्या तोंडाने म्हणावे?

तेव्हा बाटल्या घट्ट झाकून उंच, कोरड्या फळीवर चढवाव्यात. ब्लीचिंग पावडर अॅसिडपासून दूर असावी. दोन्ही एकत्र आली की विषारी क्लोरीन सुटतो. उरलेसुरले नाल्यात ओतणे म्हणजे पुराचे काम आपणच करणे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी असा कचरा वेगळा सोपवण्यास सांगितले; तो नेणारा येईपर्यंत त्याचा दर्प माझ्याच घरात राहील.