पनीरचं पाणी म्हणजे दूध नव्हे

मान वर कर. आणि "सर, दुधाचंच तर आहे ते" हे माझ्यापुढे पुन्हा म्हणू नकोस. दुधाचं असेल! पनीर निघालं तेव्हा केसीन आणि जवळपास सगळी चरबी त्याच्याबरोबर गेली. मागे उरलं ते हिरवट पाणी. त्यात १०० लिटरमागे जेमतेम ६ किलो घनपदार्थ, त्यातली बहुतेक दुधातली साखर, प्रथिनं किलोभरसुद्धा नाहीत. ही निवळी तू ८ दिवसांच्या कालवडीला पाजलीस, दूध वाचावं म्हणून.

खडू घे. वासरू ३० किलोचं, वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं दूध, म्हणजे रोज ३ लिटर. तेवढेच घनपदार्थ निवळीतून द्यायचे तर ६ लिटर पाजावी लागेल. तरी प्रथिनं निम्मीही भरत नाहीत, आणि साखर मात्र दुप्पट. दूध वासराच्या चौथ्या पोटात गोठतं, सावकाश पचतं. या पाण्यात गोठायला उरलंय काय? साखर न पचता पुढे सरकते, आतड्यात पाणी ओढते, की लागली हगवण. त्यात ते पाणी रात्रभर कॅनमध्ये कोंडलेलं. नाक होतं ना तुला?

तिच्या मानेची कातडी चिमटीत धर. सोड आता. बघ, उभीच राहिली. डोळेही खोल गेलेत. काल शेपटी माखलेली दिसली, तेव्हाच मला का उठवलं नाहीस?

निवळी फेका असं मी कधीच म्हटलेलं नाही. गटारात ओतणाऱ्यांना याहून जास्त बोललोय. इटलीत पार्माच्या बाजूला चीजची निवळी डुकरांना घालतातच, पण वाढत्या डुकरांना. दूध सुटलेल्या, रवंथ करणाऱ्या कालवडीला ताजी निवळी थोडी थोडी वाढवत द्यावी. साय काढलेलं दूध त्याहून बरं, त्यात केसीन शाबूत असतं. पण सायीबरोबर अ आणि ड जीवनसत्त्वं जातात, ती वरून द्यायची. तेही पहिले काही आठवडे सकस दुधावर काढल्यावर. हे सगळं तुझ्या वहीत आहे. अक्षरही सुरेख आहे!

आता रडत बसू नकोस. डॉक्टरांना फोन लाव. दूध तोडायचं नाही. दोन वेळच्या दुधाच्या मध्ये क्षारांचं कोमट पाणी पाज. मग ती बादली घास, कडीच्या खाचेतूनसुद्धा. मी येऊन बोट फिरवून बघणार आहे.