वाचन आणि गणित : एका मुलाच्या दोन अडचणी

आपल्या प्राथमिक शाळांत ज्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मराठी आणि गणित या दोन्ही विषयांपुढे असमाधानाचा शेरा पडतो, त्याच्याविषयीचे शिक्षकांचे व पालकांचे मत फार लवकर कायम होते. एकाच विषयात मागे असलेल्याला ‘त्याला त्याची गोडी नाही’ एवढी तरी सवलत मिळते. दोन्हींत अडखळणारा मात्र ‘डोक्यानेच कच्चा’ ठरून मागच्या बाकावर रवाना होतो. हा निवाडा पुराव्यावाचून दिलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या दोन अडचणींचे मूळ पुष्कळदा एकाच ठिकाणी, म्हणजे ऐकलेला ध्वनी आणि लिहिलेले चिन्ह यांची सांगड घालण्याच्या शक्तीत असते, आणि म्हणूनच उपाययोजनाही एकत्रितच व्हावयास हवी.

दुसरीतल्या अशा मुलाची वही जरा बारकाईने पाहावी. ‘पंचवीस’ म्हटले की तो ५२ लिहितो, कारण कानावर पाच आधी पडतात. ‘एकोणतीस’ म्हटले की ३९ लिहितो, कारण त्याला तीस स्पष्ट ऐकू आलेले असतात. आणि ‘एकशे पाच’ म्हणताच शंभर पुरे लिहून त्यापुढे पाच मांडतो, म्हणजे १००५. तेच मूल ‘दिवस’ वाचताना उच्चारात मागाहून येणारी वेलांटी आधी लिहिलेली पाहून थबकते आणि ‘धर्म’ या शब्दात म-च्या आधी उच्चारावयाचा रफार म-च्या डोक्यावर पाहून गोंधळते. या चुकांत आळस नाही, बुद्धिमांद्यही नाही. ऐकण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम यांत जे अंतर आपली भाषा व लिपी ठेवते, ते ओलांडण्यास त्याला अधिक अवधी व अधिक सराव लागतो, इतकेच.

पुढच्या इयत्तांत ही अडचण चक्रवाढीने वाढते. पाढे हे बव्हंशी ध्वनींच्याच स्मरणावर टिकतात. शाब्दिक उदाहरणात ‘सीताजवळ गीतापेक्षा पाच पेरू जास्त आहेत’ हे वाक्य अक्षर अक्षर लावून वाचण्यातच ज्याचे सारे अवधान खर्ची पडते, त्याच्यापाशी बेरीज करावी की वजाबाकी याचा विचार करण्यास काही शिल्लक उरत नाही. त्याचे गणित चुकले असे आपण म्हणतो. वास्तविक तो गणितापर्यंत पोहोचलेलाच नसतो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’ असेही संख्यावाचन दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी लहान मुलांची नेमकी हीच अडचण पुढे मांडली होती. परंपरागत संख्यानामे टिकावीत ही इच्छा रास्तच आहे. परंतु ती शिकण्यासाठी ज्याला तात्पुरती पायरी लागते, त्याला ती नाकारण्यात भाषेचा कोणता अभिमान साधतो, हे मला आजवर उमगलेले नाही.

उपाय अज्ञात आहेत असेही नाही. २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदे येथील शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी, म्हणजे त्याच वस्त्यांतील तरुण मुली, मागे पडलेल्या मुलांना दररोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन व अंकज्ञानाचे पायाभूत धडे देत असत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदी अर्थशास्त्रज्ञांनी त्या कामाची रीतसर तपासणी केली, तेव्हा मुलांची प्रगती स्पष्ट दिसून आली. त्यातील तत्त्व साधे होते : मूल ज्या पायरीवर उभे आहे तेथूनच त्याला हात द्यावयाचा, इयत्तेच्या पुस्तकावरून नव्हे. वाचनात अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट आणि गणितात एक अंकी संख्या, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी अशा पायऱ्या तपासून दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, की अडचण कोठे आहे ते शिक्षकाला आपोआप कळते. मग दहा-दहा काड्यांच्या जुड्या हाताळीत संख्या बोलणे, बोललेली लिहिणे, लिहिलेली वाचणे आणि त्याच काड्यांवर मुलाने स्वतः सांगितलेले छोटे उदाहरण लिहून त्याच्याकडूनच वाचून घेणे, हे सारे एकाच तासात होऊ शकते.

एवढे करूनही जे मूल पुढे सरकत नाही, त्याची दृष्टी व श्रवण आधी तपासावे आणि मग तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश दिव्यांगत्वात केला आहे. तेव्हा अशा मुलाला मिळणारी मदत हा त्याचा हक्क आहे, शाळेची मेहेरबानी नव्हे.

शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे की, प्रगतिपुस्तकात शेरा लिहिण्यापूर्वी त्या मुलाला पाव तास शेजारी बसवून घ्यावे, त्याच्याकडून चार ओळी वाचून घ्याव्यात, चार संख्या लिहवून घ्याव्यात आणि तो कोठे अडतो ते टिपून ठेवावे. निकालापेक्षा हे टिपण त्याच्या अधिक उपयोगी पडेल.