न पाहिलेलंही दिसतं

आजचं चिंतन: प्रश्नोपनिषद, चौथा प्रश्न.

गार्ग्य पिप्पलाद ऋषींना विचारतो, माणूस झोपला की स्वप्नं कोण पाहतं? ऋषी म्हणतात, मन. ते पाहिलेलं पुन्हा पाहतं, आणि न पाहिलेलंही पाहतं.

न पाहिलेलं कसं दिसेल? शंकराचार्य सांगतात, ते मागच्या जन्मी पाहिलेलं असतं. मला मात्र परवा याच जन्मातलं उत्तर मिळालं.

पहाटे जपाला बसलो होतो. दुसऱ्या माळेला अचानक डोळ्यांपुढे एक रडणारा माणूस आला. हा कोण? दुपारी ऑफिसात आठवलं: रात्री रील्स सरकवताना तो दिसला होता. मी क्षणभरही थांबलो नव्हतो. मी पाहिलं नाही, पण मनाने ठेवून घेतलं.

१९१७ मध्ये व्हिएन्नाच्या ओटो पॉट्झल या डॉक्टरांनी लोकांना क्षणार्धासाठी एक चित्र दाखवलं आणि दिसलं तेवढं काढायला सांगितलं. चित्रातलं जे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, ते रात्री स्वप्नात आलं, असं त्यांनी नोंदवलंय.

माझी आजी पंचवटीतली. रोज सकाळी काळारामाला जायची. ध्यान वगैरे तिला माहीत नव्हतं. शेवटच्या दिवसांत ती आम्हाला ओळखेना. पण झोपेत हात जोडायची आणि म्हणायची, "पायऱ्या ओल्या आहेत गं, जपून." पायऱ्या लक्षात ठेवायच्या असं तिने कधी ठरवलं असेल का? त्या आपोआप आत गेल्या होत्या.

सरदार ओढेकरांना स्वप्नात दृष्टांत झाला आणि काळारामाची मूर्ती गोदावरीत सापडली, अशी आपल्या नाशिकची श्रद्धा. तो दृष्टांत मी या हिशेबात बसवत नाही, ती कृपा. आपल्या हातात एवढंच, की रोज डोळ्यांपुढून काय जाऊ द्यायचं.

गीतेच्या आठव्या अध्यायात भगवंत म्हणतात, अंतकाळी ज्याची आठवण होते, तिथेच माणूस जातो. म्हणून लगेच पुढे सांगतात: सर्वकाळ माझं स्मरण कर. आयत्या वेळी आठवू म्हटलं तर जमणार नाही. तेव्हा मन जे साठवलंय तेच काढणार.

माझ्याकडे काय निघेल, या विचाराने खरंच भीती वाटली. कालपासून झोपताना फोन बाहेरच्या खोलीत ठेवतोय. उशाशी रामाचा फोटो. झोप येईपर्यंत नुसतं बघायचं. लक्ष लागलं नाही तरी चालेल. मन ठेवून घेईल.

तुम्हीही आज करून बघा.

रामकृष्णहरी!